हरबा आचारी मनाच्या डॉक्टरकडे जातो

कुठल्याशा एका गावात हरबा नावाचा एक भोळा आचारी राहत होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

हरबाच्या हाताला चव होती. त्याच्या आमटीसाठी माणसं न बोलावता लग्नाला यायची. अडचण एकच होती. त्याला जे सांगाल ते तो करायचा, तेवढंच करायचा आणि जसं सांगाल तसंच करायचा. एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "हरबा, भात होईस्तोवर इथनं हलू नगंस." मग वावटळ आली. मांडव उडाला. वऱ्हाड शाळेच्या व्हरांड्यात पळालं, नवरदेव घोडीवरून उतरून पळाला. हरबा डोक्यावर घमेलं धरून भातापाशी उभा. भाताचं एक शीतही करपलं नाही, पण जेवायला माणूस जागेवर नव्हतं.

त्याची बायको रत्नमाला. शहाणी, बोलकी, आणि जरा तापट. एक दिवस तिने नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसतेय?"

हरबाने नीट बघितलं आणि म्हणाला, "भाजल्याल्या वांग्यागत."

आता आचाऱ्याच्या तोंडी भाजलेलं वांगं ही मोठी तारीफ होती. पण रत्नमाला भडकली. "आजपासनं एक शब्द बोलायचा न्हाई माझ्याशी!"

हरबा बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत तिचा राग गेला. तिने विचारलं, "जेवायला वाढू?" हरबाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अजून रागावलाय?" हरबाने नकाराची मान हलवली. तिने भांडून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली, एकदा मुद्दाम आमटी खारट करून बघितली. हरबा ती आमटी मुकाट प्यायला. त्याला बोलायचं तर खूप होतं. पण 'आता बोला' असं कुणी म्हणतच नव्हतं.

शेवटी तिने बॅग भरली. "बोलायचंच नसंल तर मी माहेरी जाते." हरबाने बॅग उचलली, स्टँडवर नेली, एसटीत खिडकीची जागा धरून दिली, वाटेत खायला फुटाण्याची पुडी दिली आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून त्याच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. घास उतरेना. झोप येईना. रस्सा चाखला तरी चव कळेना, आणि आचाऱ्याला चव कळेना म्हणजे सगळंच आटोपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला. आत काहीच नव्हतं.

"हे घशाचं न्हाई, मनाचं हाय," डॉक्टर म्हणाले. "तालुक्याला दर मंगळवारी हंजे मॅडम बसतात. समुपदेशन करतात. त्यांच्याकडे जा."

गावाला हे कळलं तेव्हा गाव कुजबुजलं. वेड्यांच्या डॉक्टरकडे चाललाय म्हणाले. हरबाला त्याचं काही वाटलं नाही. रत्नमाला परत यायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तो उपाशीपोटी गेला, कारण रक्त तपासायचं तर उपाशी जावं लागतं. औषधासाठी घरून रिकामी बाटली नेली. मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, तांब्याभर पाणी होतं आणि कागदी रुमालांचा डबा होता. रुमाल बघून हरबाला बरं वाटलं. म्हणजे जेवण आहे! तो खुर्चीवर बसला आणि त्याने आ वासला.

"तोंड मिटा," मॅडम म्हणाल्या.

हरबाने मिटलं.

"आता बोला, काय त्रास होतोय?"

हरबाने बोट ओठांवर ठेवून मान हलवली. मिटलेल्या तोंडाने बोलणार कसं?

मॅडमनी त्याला तोंड उघडायची परवानगी दिली आणि सगळं समजावून सांगितलं. इथे गोळी नाही, इंजेक्शन नाही. आपण नुसतं बोलायचं. आज मी तुमची माहिती विचारणार. एका भेटीत गुण येईलच असं नाही. सुरुवातीला कधीकधी जास्तच रडू येतं, त्याला घाबरायचं नाही. "आणि हरबा, इथे जे बोललं जाईल ते या खोलीबाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढंच बाहेर सांगावं लागतं. बाकी सगळं इथेच राहील."

हरबाला हे फार आवडलं. त्याने मॅडमना आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, धंदा सांगितला, रत्नमालाचं सगळं सांगितलं. मग तो एसटीत बसला.

"कुठं जायाचं?" कंडक्टरने विचारलं.

"ते भाईर सांगायचं न्हाई," हरबा म्हणाला.

"मग तिकीट कुठलं फाडू?"

"कुठलं बी फाडा."

"नाव काय रं तुझं?"

"ते बी आतच राहिलं."

"कुठं आत?"

"मॅडमच्या खोलीत."

कंडक्टरने घंटी वाजवून गाडी थांबवली. ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला, बाया पदराआड हसायला लागल्या. गाडी पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. कंडक्टर गावामागून गाव विचारत होता आणि हरबा तोंड मिटून मान हलवत होता. शेवटी कंडक्टर लालबुंद झाला, त्याने बाह्या वर सारल्या आणि ओरडला, "आता बोलला न्हाईस, तर तुझ्या जिवाला धोका हाय!"

हरबाचा चेहरा उजळला. "असं आधी सांगायचं की वो!" म्हणत त्याने गावाचं नाव सांगितलं.

गाव केव्हाच मागे पडलं होतं. हरबा चालत घरी आला. ते नाव मॅडमच्या खोलीतलं, म्हणून मीही सांगत नाही.

पुढच्या मंगळवारी त्याने हे मॅडमना सांगितलं. मॅडमनी ओठ दाबून धरले. मग म्हणाल्या, "हरबा, ते बंधन माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही मोकळं बोलायचं. मनात येईल ते, येईल तसं. चांगलं की वाईट, बरं दिसेल की नाही, याचा विचार करायचा नाही. मनात आलं की बोलायचं."

हरबा बोलला. रत्नमालाचा पाट भिंतीला टेकवून ठेवलाय आणि तो उचलवत नाही, हेसुद्धा बोलला. घशातलं जरा खाली सरकल्यासारखं वाटलं. हा तर गुणकारी उपाय आहे, असं त्याने मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात देशिंगे गुरुजींच्या वैजयंताला बघायला पाहुणे येणार होते. गुरुजींनी हरबाला पोहे करायला बोलावलं. अशा वेळी पोहे कुणीही केलेले असोत, ते मुलीनेच केलेले असतात. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हरबालाही माहीत होतं.

पाहुणे बसले. वैजयंता पोहे घेऊन आली. मुलाच्या आईने घास घेतला आणि म्हणाली, "वा! पोरीच्या हाताला काय चव आहे!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या हरबाच्या मनात काहीतरी आलं.

"मी केल्यात," तो म्हणाला.

गुरुजींनी डोळे वटारले. त्यामुळे हरबाच्या मनात आणखी आलं. "तिनं फकस्त कोथमीर टाकली. ती बी जास्त झाली."

"हरबा!" गुरुजी ओरडले.

"आणि फोटोत पोरगा बारीक दिसत हुता," हरबा म्हणाला. "खरा बघितल्यावर वाटलं, पोहे कमी पडत्यात."

पाहुणे बश्या अर्ध्या टाकून उठले. मुलगा तेवढा बशी संपवून उठला. गुरुजी कपाळाला हात लावून ओट्यावर बसले, आणि हरबा छातीवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, लई हलकं वाटतंय बगा."

तिसऱ्या मंगळवारी मॅडम आधी पाणी प्यायल्या. "मनात येईल ते बोला, हे इथलं झालं," त्या म्हणाल्या. "बाहेर वागताना समोरच्याचाही विचार करायचा."

"बायकोला उचलून आणू का?" हरबाने विचारलं. त्याला विचार करायला सांगितलं की तो तिथेच पोचायचा.

"मुळीच नाही!" मॅडम म्हणाल्या. "जबरदस्ती कधीच करायची नाही. समोरचं माणूस नको म्हणालं, की ते नकोच समजायचं. त्याचा मान राखायचा आणि मागे व्हायचं."

"सगळ्यांचा मान राखायचा?"

"सगळ्यांचा."

हरबाने मनाशी खूणगाठ बांधली. आणि योग असा, की रत्नमालाच्या चुलतबहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. जेवणाचं काम हरबाकडेच होतं. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पोरगी घरी बसल्याचं दुःख होतं. पण जावयाचा स्वयंपाकही त्यांना माहीत होता. ते म्हणाले, "जावईबापू, एवढी पंगत चांगली उठू द्या. चार माणसांत नाव झालं, की मी स्वतः पोरीची समजूत घालतो."

हरबाने जीव ओतून स्वयंपाक केला. मसालेभात केला, मठ्ठा केला, जिलबी अशी केली, की तिच्या वासाने भटजींची मंगलाष्टकं आटोपती झाली. पंगत बसली. वाढप्यांना हरबाने ताकीद दिली, "कुणावर जबरदस्ती करायची न्हाई. नगं म्हणालं की फुडं चालायचं." आणि जिलबीची परात घेऊन तो स्वतः पुढे झाला.

आता आपल्याकडच्या पंगतीची रीत सांगायला नको. पाहुणा 'नको, नको' म्हणतो. पानावर आडवा हात धरतो, आणि बोटांमध्ये जिलबी जाईल एवढी फट ठेवतो. वाढणारा 'घ्या हो, आमच्यासाठी' म्हणतो आणि त्या फटीतून जिलबी सोडतो. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा माणूस आपण हावरट समजतो.

"जिलबी?" हरबाने पहिल्या पाहुण्याला विचारलं.

"नको, नको."

"बरं," म्हणून हरबा पुढे गेला.

"जिलबी?"

"छे छे, नको बुवा."

"बरं."

"जिलबी?"

"अरे, पोट भरलंय," तिसरा म्हणाला. त्याच्या पानात अजून काहीच पडलं नव्हतं.

"बरं," हरबा म्हणाला. मागून मसालेभात आला आणि तसाच गेला. मठ्ठा आला आणि गेला. लांबलांबच्या पाहुण्यांच्या माना परातीबरोबर डावीकडून उजवीकडे वळत होत्या. एका म्हाताऱ्या मामांनी परात पुढे गेलेली बघून हळूच म्हटलं, "अरे, नको म्हणजे... अगदीच नको असं नव्हे..." पण तोवर हरबा दुसऱ्या रांगेत होता. मीठ, लिंबू आणि चटणी आधीच वाढून ठेवलेली होती, म्हणून तेवढं लोकांना मिळालं.

दुसऱ्या रांगेत रत्नमाला बसली होती.

इतक्या दिवसांनी हरबा तिच्यासमोर परात घेऊन वाकला. तिने मान खाली घातली. पानावर हात धरला. बोटांमध्ये फट ठेवली. "नको मला," ती म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

"बरं," हरबा म्हणाला, आणि पुढे गेला.

थोडं पुढे जाऊन त्याने वळून बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हरबाला फार वाईट वाटलं. चटणी तिखट झाली, असं त्याच्या मनात आलं.

पंगत उठली तेव्हा पातेली भरलेली होती आणि पाहुणे रिकामे होते. अण्णा तणतणत आले. "माझ्या मांडवातनं माणसं उपाशी गेली!"

"कुणालाच नगं हुतं अण्णा," हरबा म्हणाला. "एकेकाला इचारलं मी."

"आणि माझ्या पोरीला? तिला बी 'बरं' म्हणून फुडं गेलास? आता ती यायची न्हाई. विषय संपला!"

हरबाच्या घशातलं ते अडकलेलं पुन्हा वर आलं, आणि दुप्पट होऊन बसलं.

मंगळवारी तो मॅडमसमोर बसला. "रडू का?" त्याने विचारलं.

"रडा की."

"किती रडू?"

"येईल तेवढं."

हरबा रडला. मॅडमनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. हे रुमाल जेवणासाठी नसतात, हे त्याला आज कळलं. मॅडम मध्ये काही बोलल्या नाहीत. खुर्ची जराशी तिरकी ठेवून, पुढे वाकून, 'हं' म्हणत ऐकत राहिल्या. तो थांबला, की विचारायच्या, "मग तुम्हाला काय वाटलं?" आणि तो पुन्हा बोलायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "रत्नमाला नको म्हणाली, तेव्हा तिच्या मनात काय होतं, हे विचारलंत का कधी?"

"न्हाई."

"मग तिला भेटा आणि विचारा. ती बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका. चूक कुणाची ते ठरवू नका. शहाणपण सांगू नका. मी तुमचं ऐकते ना, तसं तिचं ऐका."

"तुमी ऐकता तसंच?"

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

इथे मॅडमचंही थोडं चुकलं. हरबाला 'अगदी तसंच' असं कधी म्हणायचं नसतं.

हरबाला पुन्हा हुंदका आला. तेवढ्यात मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "आज आपण इथे थांबू. बाकीचं पुढच्या मंगळवारी." हरबाने हुंदका अर्ध्यात गिळला, नमस्कार केला आणि उठला. नियम म्हणजे नियम.

शुक्रवारी तो सासुरवाडीला गेला. अण्णा दारातच आडवे आले. हरबाने हात जोडले. "अण्णा, भांडायला आलो न्हाई. ऐकायला आलोय." हे वाक्य अण्णांनी जावयाच्या काय, कुणाच्याच तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते बाजूला झाले.

हरबाने सोप्यात दोन खुर्च्या मांडल्या. एक जराशी तिरकी केली. पाण्याचा तांब्या ठेवला. माजघरातलं घड्याळ काढून आणलं आणि समोरच्या खुंटीला टांगलं. मग सासऱ्यांना बाहेर अंगणात बसवलं. "इथलं बोलणं भाईर जाणार न्हाई," असं त्यांना सांगून दार लोटून घेतलं.

रत्नमाला हाताची घडी घालून बसली. "काय नाटक हाय हे?"

"हं," हरबा म्हणाला.

"हं काय हं?"

हरबा पुढे वाकला. "तुला काय वाटलं?"

लग्न झाल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती फटकळपणे काहीतरी बोलायला गेली आणि तिच्या हाताची घडीच सुटली. मग ती बोलायला लागली. घरात नुसता भांड्यांचा आवाज यायचा आणि माणसाचा यायचा नाही, तेव्हा कसं वाटायचं ते बोलली. "स्टँडवर सुदिक तुम्ही 'नगं जाऊ' म्हणला न्हाईत. फुटाणे दिले! मला वाटलं, तुमचं मन उडालं माझ्यावरनं."

"हं," हरबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो मध्ये बोलला नाही. त्याने तिला रुमाल दिला.

"मी रागानं म्हणाले असंल काय तरी त्या साडीवरनं. बोलू नगा म्हणाले. पण ते काय..." ती थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. "अहो. म्हणून बोलला न्हाईत? मी म्हणाले म्हणून?"

हरबाने मान हलवली.

"इतके दिवस?"

त्याने मान हलवली.

"आणि बोलावंसं वाटत हुतं?"

हरबाने घशावर हात ठेवला. "हितं अडकलं हुतं सगळं," तो म्हणाला.

रत्नमाला रडता रडता हसायला लागली. असा नवरा करायचा काय, आणि असा दुसरा मिळायचा कुठे! "मी येते," ती म्हणाली. "आत्ताच येते. बसा, बॅग भरते." ती आत पळाली. पेटी उघडल्याचा आवाज आला, बांगड्यांचा आवाज आला. हरबाने एक आवंढा गिळून बघितला. घशात काही म्हणजे काही नव्हतं.

ती बॅग घेऊन बाहेर आली. पायात चप्पल, डोक्यावर पदर, तोंडभर हसू.

हरबाने घड्याळाकडे बघितलं.

"आज आपण हितं थांबू," तो मऊ आवाजात म्हणाला. "बाकीचं फुडच्या शुक्रवारी."

"अहो, मी निघालेय!"

"हं. निघावंसं वाटतंय तुला."

"वाटत न्हाई, निघालेय! बॅग हातात हाय माझ्या!"

"हे लई म्हत्त्वाचं बोललीस," हरबा म्हणाला. "फुडच्या वेळी हितनंच सुरू करू."

त्याने नमस्कार केला, चप्पल घातली आणि एसटी पकडायला निघाला. इतकं चांगलं त्याला कधीच जमलं नव्हतं. तो खुशीत होता. मागून अण्णांचा आवाज आला, "अगं, जावई एकटाच चालला! मी आणतो त्याला मानगूट धरून!"

आणि त्याच्यामागून रत्नमालाचा आवाज आला. हसून हसून तिला धाप लागली होती. "राहू द्या अण्णा, ओरडू नगा त्यांना. बॅग तेवढी अशीच भरलेली ठेवा. शुक्रवारी माझा नंबर हाय."